नानांनी वाचलेली विनोदी कादंबरी

मंडळी, ऐका! आज पहिला प्रश्न तुम्हालाच. आपल्या माणसाला दुःख होऊ नये म्हणून खोटं बोललं — तर ते पुण्य की पाप? नुसत्या माना डोलवू नका! आधी गोष्ट ऐका.

देवरुखाकडच्या एका गावात नाना वझे म्हणून निवृत्त हेडमास्तर. नुसते खाकरले तरी शाळा गप्प! एकुलता एक मुलगा निनाद जर्मनीत शिकायला. आणि इकडे, त्याच्या शेवटच्या परीक्षेला दहा दिवस असताना, नानांची बायको, आमच्या इंदूकाकू, गेल्या. सकाळी दूध तापवता तापवता गेल्या हो!

आता पोराला कळवायचं कसं? सगळं गाव म्हणालं, "नाना, परीक्षा होऊ दे. पोरगं लांब आहे, एकटं आहे." आपली रीतच ही! लांबच्याला वाईट बातमी द्यायची नाही. आणि मंडळी, हा सल्ला देणाऱ्यांत मी पहिला होतो.

परीक्षा झाली. नानांनी फोनवर सांगितलं. पोरगा काय म्हणाला? "हो का?" — बस्स! हुंदका नाही, काही नाही. नाना चार वर्षं जळत राहिले. मला म्हणायचे, "बुवा, पोरगा दगड झाला हो तिकडे. आईसाठी टिपूस काढलं नाही त्यानं."

मग एक दिवस टपालानं पुस्तक आलं. निनादनं लिहिलेली विनोदी कादंबरी! सदू नावाचा कोकणातला पोरगा परदेशात जातो, फजित्या होतात, होता होता शहाणा होतो. नाना रागावलेले — पण बापच तो! रविवारी वाचनालयात मोठ्यानं वाचायला बसले. लोकांची हसून हसून पोटं दुखली! सदू मिरचीची फोडणी देतो, धुराची घंटा वाजते आणि अख्खी इमारत रस्त्यावर! सदूला भूक लागली की तो कुणाच्याही मयताला जातो, कारण तिकडे मयतानंतर कॉफी आणि केक मिळतो. म्हणतो, "तेरावं पहिल्याच दिवशी, केवढी सोय!"

मग आला सदूचा बाप, तात्या, फोनवर. "आई कुठंय?" — "देवळात गेलीय." दुसऱ्या दिवशी? "हळदीकुंकवाला." तिसऱ्या दिवशी? "वाती वळतेय, हात मोकळा नाही!" लोक खो खो हसले. नानांचा आवाज मात्र बारीक झाला. अहो, शब्दन् शब्द त्यांचाच होता!

तरी वाचत राहिले. पुढं सदूच्या तोंडी लिहिलं होतं — "तात्यांना खोटं बोलता येत नाही. चौथ्या दिवशी मला कळलं. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर तात्या रडले असते, आणि घरात त्यांचे डोळे पुसायला कुणी नव्हतं. त्या दिवशी एका अनोळखी म्हातारीच्या मयताला गेलो आणि एवढ्या मोठ्यानं रडलो, की तिच्या मुलांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. केक दोनदा दिला."

आणि मंडळी, लोक हसले! केकला हसले! मी हसलो! हसायची लय लागली की माणूस आंधळा होतो. नाना चष्मा पुसत बसले.

घरी जाऊन त्यांनी जर्मनीला फोन लावला. मी शेजारीच. म्हटलं, आता मन मोकळं होईल, बापलेक रडतील.

"वाचलंत, नाना?"

नाना म्हणाले, "वाचलं की! लोक फार हसले."

"आणि तुम्ही?"

"मीही हसलो."

मग पोरगा म्हणाला, "बरं झालं. तब्येत कशी आहे?"

"उत्तम!"

फोन ठेवला आणि नाना जमिनीवरच बसले. मी म्हटलं, "नाना, पुन्हा लावा!" म्हणाले, "नको बुवा. त्याला तिकडे त्रास होईल."

गेल्या माघात नाना गेले. मनातलं सांगायला तो फोन पुन्हा लागला नाही.

पाप की पुण्य? मला नाही सांगता येत, मंडळी. दोघांनी एकमेकांना जपलं आणि दोघं एकेकटे रडले, एवढंच मी पाहिलं. देवापुढं उभा राहतो तेव्हा माझा तो सल्ला आठवतो, आणि तोंडातून नाम निघत नाही.

तुमच्यातल्या किती जणांची पोरं लांब आहेत? हात वर करा... बघा! आज ती विचारतील, "कसे आहात?" तुमचं उत्तर मला इथं बसूनच ऐकू येतंय. टाळ घ्या, मंडळी. मोठ्यानं वाजवा — मला ते ऐकायचं नाही!