चार चौकोनांचा फोन

न्हाय न्हाय, काच न्हाय बदलायची. काच चांगली हाय — ही बघ, एक ओरखडा न्हाय. घरी मी काच बदलायला नेतो असं सांगून आलोय, ती गोष्ट वेगळी. तू आधी ऐकून घे, मंग हात लाव. बोर्डावर भूपेश लिवलंय, तूच ना तो? मी मनोज, अंजूरचा. आता तू बोलशील, अंजूरहून राहनाळला कशाला आलात, तिथं दोन दुकानं हायत की — हायत रे भाऊ, पन दोन्ही वळखीची. तिथं फोन दिला असता तं मी घरी पोचायच्या आत बातमी आमच्या चुलीपाशी जाऊन बसली असती. तू मला वळखत न्हायस, म्हनून तुझ्याकडे आलो. फोन माझ्या मुलीचा हाय. नेत्राचा. एकोणीस पुरी झाली तिला. ह्याच्यातलं इंटरनेट मला बंद करून पाहिजे. समदं न्हाय, माझ्या फोनासारखं. थांब, दाखवतो.

हा माझा. म्हंजे कंपनीचा. हितंच पुढच्या गोदामात हाय मी, पिकर — म्हंजे काय, फोन बोलेल त्या रॅकवर जायचं, बोलेल तो माल उचलायचा, ट्रॉलीत टाकायचा. दोन वर्षं झाली. कंपनीनं फोन दिला तवा आम्ही काय खूश! नवा फोन, नेट फुकट, घरी न्यायला पन परवानगी. माझा जुना पान्यात पडून मेलेलाच व्हता, मी बोललो देव पावला. उघड, उघड तू. काय दिसतं? चार चौकोन. हजेरी, रॅक, रजा, सूचना. वर सरकव — काय हाय? डावीकडं सरकव — काय हाय? काय न्हाय. बातम्या न्हाय, गानी न्हाय, कोनाचा फोटो न्हाय. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तसं. पयले सहा महिने मला वाटायचं, इंटरनेट इंटरनेट बोलतात ते एवढंच असेल. हसू नको. तुझं दुकान हाय म्हनून तुला ठाव. मला कोन सांगनार?

मला तिच्या फोनात असेच चार चौकोन करून दे. एक घरचा नंबर, एक कॉलेज, एक — एक काय ठेवावं — ते बसचं टायमिंग. चौथा रिकामा ठेव, मंग बघू. होतं ना? लहान पोरांसाठी असतो तसला लॉक? चालेल, लहान पोरांचा तं लहान पोरांचा. एकोणीस म्हंजे काय म्हातारी झाली का ती.

न्हाय रे, पोरगा-बिरगा काय न्हाय. तुझा विचार तिकडंच पळाला ना? समद्यांचा पळतो. माझी पोरगी तशी न्हाय — आनि असती तरी मी समोर बसवून बोललो असतो, ते सोपं हाय. हे बोलता येत न्हाय. काय हाय ना भूपेश, मी ‘न्हाय’ बोललो तं मी वाईट. बायको रूपा, ती पन मला वाईट बोलनार. फोन ‘न्हाय’ बोलला तं कोन वाईट? कोनच न्हाय! हे मी कंपनीत शिकलो. तिथं तुला कोन ‘न्हाय’ बोलत न्हाय. साहेब कंदी रागावत न्हाय, आवाज चढवत न्हाय. फक्त तो चौकोन उघडत न्हाय. भांडशील कोनाशी?

माझी आई गेली गेल्या माघात. गुणाबाई. सकाळी सहाला गेली, मी साताच्या शिफ्टला. रजा टाकायला चौकोन दाबला. आत कारणं दिलेली असतात, त्यातलंच एक निवडायचं, आपलं लिवायला जागा न्हाय. ताप. पोटदुखी. सनवार. लग्न. बास. खाली सरकवतोय, वर सरकवतोय — आई मेली हे कुठंच न्हाय. कारणाशिवाय पुढं जात न्हाय, आनि रजा न्हाय लागली तं तीन दिवसांत नाव कटतं. बाहेर बाया रडतायत, बांबू आणायला मानसं गेलीत, आनि मी पडवीत उभा राहून फोन चोळतोय. ताप टाकला तं डॉक्टरचा कागद मागतात. शेवटी लग्न दाबलं. दाबलं रे. लगेच फोनवर फुलं आली — अभिनंदन, आपल्या आनंदात कंपनी सहभागी हाय! आईला खांद्यावर घेतलं तवा ती फुलं माझ्या खिशात व्हती. चौथ्या दिवशी गेलो तं सुपरवायझर बोलतो, ‘मनोजभाई, मुबारक हो, मिठाई कहाँ है?’ मी काय बोललो? बोललो, ‘लाता हूँ.’ आनि दुसऱ्या दिवशी पेढे नेले. डोक्यावरचे केस अजून उगवले नव्हते, तरी एकानं विचारलं न्हाय. मी पन सांगितलं न्हाय. सांगून कोनाला सांगनार?

हां, तं नेत्राचं. आज सहा वाजेपर्यंत तिला एक बटन दाबायचंय. किती वाजले? पाच-पंचवीस. दापोलीला शेतीच्या शिक्षणाला नंबर लागलाय तिचा. सहाच्या आत ‘हो’ दाबलं तं जागा तिची, न्हाय तं खालच्या नंबरवाल्याला. आनि ‘हो’ दाबलं की एक आकडा येतो, तो ह्याच फोनावर. सिम ह्याच्यात हाय. दुसऱ्याच्या फोनावरनं होत न्हाय, मी विचारून घेतलंय. म्हनून तं आज… असं बघू नको माझ्याकडं. तू बाप न्हायस अजून.

शेती शिकनार! शेत हाय कुठं? आमचं शेत त्या गोदामाखाली हाय, जिथं मी ट्रॉली ढकलतो. माझ्या बाबांनी जमीन विकायची सही केली तवा मी पन तिथंच उभा व्हतो. सत्तावीस नंबरचा रॅक म्हंजे आमचं खालचं खाचर, बांधाला लागून करंज व्हता. नवीन लागलो तवा मी सवयीनं बांधाबांधानं चालायचो, तं हा फोन हातात थरथरायचा — चुकीची दिशा. माझ्याच खाचरात मला बाण दाखवतो. आता न्हाय थरथरत. आता मी बाणाच्या पुढं असतो.

तिला हे शेतीचं खूळ कुठनं लागलं, सांगू? तूच सांग — न्हाय, तुला काय ठाव. माझ्यामुळं. ह्या फोनातनं. तिच्या फोनात वरून काढलेले फोटो दिसतात, जुन्या जुन्या सालांचे. एकदा तिनं गंमत म्हनून दाखवलं — बाबा, हे बघा आपलं अंजूर, मी जल्मायच्या टायमाचं. आनि बघतो तं खाचरं! पान्यानं भरलेली, उन्हात चमकतायत. बांध, पायवाट, आमची विहीर. मी बोललो ह्या कोपऱ्यात खाडीचं पानी शिरायचं, हितं आजी भात लावायला उतरायची. मंग रोजचंच झालं. जेवन झालं की मी तिच्या शेजारी जाऊन बसायचो — उघड गं नेत्रा. ती बोटानं मोठं करायची, मी सांगायचो. खारं पानी कसं अडवायचं, कुठलं बी तग धरतं. मला वाटायचं ती बापाचं मन राखते. ती शिकत व्हती रे! मला काय ठाव? एक दिवस बोलली, ‘बाबा, खाऱ्या जमिनीत भात कसा घ्यायचा याचं शिक्षण असतं, मी फॉर्म भरलाय.’ दोन वर्षांत माझं ऐकून घेनारी ती एकटी. ती गेली तं फोन तिच्याबरोबर गेला. मंग माझ्याकडं काय उरलं? हजेरी, रॅक, रजा, सूचना. मला भीती वाटते, भूपेश. तिच्या वाईटाची न्हाय. ती बरं करेल. ती गेल्यावर संध्याकाळी मी कुठं बसू, ह्याची.

मला दुसरा फोन घ्यायला बोलतोस? घेतला तरी शेजारी कोन बसनार?

थांब — थांब, माझा वाजतोय, आलेला फोन तेवढा उचलता येतो ह्याच्यात. रूपाचा नंबर. नेत्राच असनार, आईच्या फोनावरनं… हॅलो. हां नेत्रा. काच? होतेय, होतेय गं. हां, ठाव हाय मला सहा वाजता. …काय? मीच दाबू? मला न्हाय जमायचं, बाय. …हां. हिरवा. …आकडा आला की टाकायचा. हां, भाऊ हाय ना हितं दुकानात, तो दाखवेल, हां. पन फोन खोललाय त्यानं, काच काढून ठेवलीय. …न्हाय, तू नको येऊ. रिक्षा करून येते? कुठं येतेस? …मी राहनाळला न्हाय. मी — अंबाडीला आलोय. हो, एवढ्या लांब अंबाडीला, हितं काच स्वस्त मिळते. …हॅलो? रडू नको. अगं रडू नको, बघतो मी काय होतं ते. ठेव.

…

काय बोलली? काय न्हाय. बोलली, उन्हातनं लांब गेलात, पानी प्या.

बस. घे हा. लॉक टाक. ते चार चौकोन-बिवकोन राहू दे, अख्खाच बंद कर. किती वेळ? सहापर्यंत. सहानंतर काढ, मंग काय उघडं राहायचं ते राहू दे. टाक बोलतो ना. …टाकलास? न्हाय — लॉकचा नंबर मला सांगू नको. चिठ्ठीवर पन लिवू नको. तुझ्याकडंच ठेव. मला ठाव असला तं मी उघडीन.

जा, तू दुसऱ्या गिऱ्हाईकाचं बघ. मी बसतो हितं.