ओझेलाच्या हातचं सॅलड

जॅक्सन शहरातल्या दवाखान्यात लुसिंडाच्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“ओझेला, सरकारी माणसं आपला फोन चोरून ऐकायची. तू त्यांनाच विचारायचीस, ‘जेवलात का रे मेल्यांनो?’”

“आणि वर्डेल, तू मुद्दाम बेसूर गायचीस!”

“काय दिवस होते! काळ्यांना मताचा हक्क हवा म्हणून मोर्चे, मग चर्चच्या तळघरात पंगत. ‘बटाट्याचं सॅलड कुणी केलंय?’ तुझं नाव निघालं की भांडं साफ.”

“मग त्या मेल्यांनीच आवई उठवली, ओझेला पोलिसांची खबरी आहे. त्या रविवारी माझ्या भांड्यात कुणी चमचा घातला नाही.”

“मीही नाही.”

“तूही नाही.”

लुसिंडाचं नाव पुकारलं. ती हलली नाही.

“पिशवीत काय आहे गं, ओझेला?”

“तेच.”

“चमचा आहे?”

“दोन आहेत. एक इतकी वर्षं नुसताच वागवतेय.”