तक्रार निकाली निघाली

या मंडळी, जवळ सरकून बसा, पाणीखात्याच्या खिडकीवरची गोष्ट सांगतो. रांगेत दुसऱ्या उभ्या असलेल्या शिक्षिकाबाईंनी ती ऐकली. पुढे कुणाची तरी सून होती आणि खिडकीत कारकून.

"भाऊ, नऊ दिवस नळ कोरडा आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांचं धुणं कसं काढू?"

"तुमची तक्रार निकाली निघाली, ताई."

"पाणी कुठे आलंय?"

"सात दिवसांनी तक्रार आपोआप निकाली निघते. सुधारणा झालीये."

"आणि पाणी सोडणारे चावीवाले काका?"

"निवृत्त झाले. त्यांचं काम कॉम्प्युटरवर घेतलं."

"मग चावी कोण फिरवतं?"

"ते अजून ठरायचंय."

"तुमच्याकडे पाणी येतं?"

"येतं. काका आमच्याच गल्लीत राहतात. सवय जात नाही त्यांची."

"त्यांचा पत्ता द्या."

कारकुनाने चिठ्ठी सरकवली. शिक्षिकाबाईंनीही ती उतरवून घेतली.

मंडळी, देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या काकांची आठवण ठेवा.