कचेरीत कुणालाच दिसेना

आता हसू येतं, पण डॉक्टर तेव्हा घामाघूम झाले होते. पांढरकवड्याकडे मी कोर्टात कारकून असताना गावकऱ्यांचे डोळे तपासायला त्यांना आमच्या कचेरीतली साक्षीची खोली मिळाली.

"बाबा, किती बोटं दिसतात?"

पहिलाच म्हातारा हात जोडून म्हणाला, "मले काईच नाई दिसलं साहेब. मी तवा वावरात होतो."

तपासायला आलेल्या दहाही जणांचं तेच. ऑपरेशनला खाटा मात्र दोनच.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, इथे दिसलं म्हणणारा माणूस पुढे तारखांना खेटे घालतो. बाहेर लिंबाखाली बसा."

तिथे आठ जणांनी बोटं बरोबर सांगितली. उरलेल्या दोघींना खाटा मिळाल्या आणि पुढे त्या कुणाचा हात न धरता घरी गेल्या.

जाताना म्हातारा डॉक्टरांवरच डाफरला, "पयलेच झाडाखाली बसाचं ना जी! कचेरीत कोनाले दिसते?"