कोणीच आलं नव्हतं तेव्हा

शुक्रवारचे तळलेले मासे घ्यायला विस्कॉन्सिनच्या त्या हॉटेलाबाहेर रांग लागली होती. ग्रेटा कानटोपी खाली ओढून उभी होती. गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, वेंडेल हा तिचा नवरा. आणखी एक वर्ष खेळणार की नाही, ते तो उद्या संघाला कळवणार होता. पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"घाबरायला लागलाय वेंडेल. समोरचे अंगावर आले की चेंडू फेकून मोकळा होतो."

"अरे ऑर्विन, त्याच्यापुढे आडवी उभी राहणारी पोरं नवीन आहेत!"

"शेवटच्या सामन्यात तिघंच धावून आले, आपल्या पाचांनी त्यांना जागच्या जागी रोखलं. तरी हा वाकला."

"त्याच्या वयाचा असताना तू जिन्यावर धापा टाकायचास."

"माझ्यावर दीडशे किलोचा गडी पडत नव्हता, लायल."

"मग? घाबरला तर बिघडलं कुठे?"

"घाबरू दे की! पण आधी तो चेंडू झेलणाऱ्याकडे बघायचा. आता मारायला येणाऱ्याकडे बघतो."

लायल मागे वळला. "तुम्हीच सांगा बाई, घाबरलाय का तो?"

"काल त्याने मला हेच विचारलं," ग्रेटा म्हणाली. "मी नाही म्हणाले."

ऑर्विनने तिला ओळखलं आणि टोपी काढली. "चुकलं माझं, बाई. आम्ही आपलं लांबून बघतो."

"नीट बघता," ग्रेटा म्हणाली. "आज मासे बांधून घेते. जेवायच्या आधी सांगते त्याला."