कस्तुरीचा घाट

—न्हाई न्हाई ताई, त्या चिमणीचा फोटू नका काढू, चिमणी रंगवून काय करताव? कापसाच्या जिनिंग मिलची हाय ती, मालक हैदराबादला पळाला, आता कबुतरं हागत्यात तिच्यात. आन तो लोखंडी पूल — निजामाच्या टायमाचा म्हनून सगळे छाती फुगवत्यात, पर चढतंय कोन त्याच्यावर? सगळे रूळ वलांडून जात्यात. ठेकेदारानं तुम्हाला नांदेडहून कामून धाडलं? ठेसनाच्या भिंतीवर गावचा इतिहास काढायला ना? मंग इकडं बगा. हे चार दगडी खांब, वर लोखंडी टाकी — कोळशाच्या इंजनाला पानी भरायची. हिच्याखाली आमचा आजा काढा, भुजंगराव. फोटू आनलाय. फेटा असाच, मिशा थोड्या जाड करा. पुढं तहानलेली मानसं, आन आजा तांब्यानं पानी वाटून राहिलाय — बहात्तरचा दुष्काळ. खाली नाव, ठसठशीत. दिल्लीपतुर जानारी गाडी हितं थांबती, खिडकीतनं दिसलं पायजे.

पानी वाटलं का खरंच, म्हनता? तुम्ही बी लई इचारता बगा! भिंत काय साक्षीदार मागती व्हय? — बरं, तुम्ही आपल्यातल्याच, तुमच्यापासून काय लपवायचं. टाकीच्या बुडाला काळा डाग दिसतो का? डांबर हाय ते. बहात्तरला समद्या हिरी आटल्या, एक आमची तेवढी जिती. आन ही टाकी गळायची, ठिबक ठिबक. वस्तीतल्या बाया खाली घागरी लावून बसायच्या. गळकं पानी, आमचं काय जात व्हतं? जात व्हतं की! छप्पनला त्यांनी धर्म बदलला आन मेलेली जनावरं वढायची बंद केली. आमचा बैल मेला तर दोन दिस दारात फुगला, कुनी शिवायला येईना — शेवटी आज्याला सोता वढावा लागला, सोताच्या हातानं! गाव बगत उभं. ते त्यो इसरला न्हाई. वर्सं गेली, इसरला न्हाई. बहात्तरला त्याला मोका गावला. रेल्वेच्या गँगमनला हाताशी धरलं, शिडी लावली, आन डांबराचं डबडं घिऊन त्या वयात बी सोता वर चढला. बुजवलं बिलकुल. थेंब न्हाई.

दुसऱ्या दिशी कस्तुराबाई आली, वस्तीतलीच. काखेत तान्ही पोर. घागर लावली आन बसली. वर बगायची, घागरीत बगायची, वर बगायची — आम्ही लेकरं खांबाआड, हसून हसून पोट दुखलं! आजा आला, इचारतो कसा — ‘कस्तुरे, भरली का गं?’ ती म्हनती, ‘यील मालक, यील.’ दिवस मावळंपतुर बसली. तवापासून ह्या जागेला कस्तुरीचा घाट म्हनत्यात. आजबी रिक्षावाल्याला म्हना, घाटावर सोड — बरोबर हितं आनतो. पान्याचा टिपूस न्हाई आन नाव घाट! त्याला तरी कुठं ठावं? मला ठावं हाय. — पोर? गेली म्हनत्यात त्याच आठवड्यात. उन्हाळाच तसा व्हता. हसा की ताई, गंमत हाय.

काय? परत बोला. कोनाची आज्जी?

…तुमची?

थांब. शिल्पा म्हनलीस, नायगावची म्हनलीस, मामा गुरुजी म्हनलीस — आन मी येड्यावानी आडनाव इचारलं न्हाई. तिथं चुकलं माझं. दारात मानूस आलं की आधी आडनाव इचारायचं, आमच्या घरातल्या लेकराला बी कळतंय. सकाळी माझ्या घरच्या कपात च्या पिलीस, माझ्या बायकोनं तुला ताट वाढलं — तवा तरी सांगायचं व्हतं. तिनं कुंकू लावलं तवा तरी.

मी बोलतोय तवर भिंतीवर काय करून राहिलीस? ब्रश ठिव खाली. — टाकी काढलीस, बरं. आज्याला शिडीवर कामून चढवलंस? हातात तांब्या पायजे, हे डबडं कशाला? पूस. फेटा तेवढा बरोबर काढलास, फेटा र्‍हाऊ दे, बाकी पूस. आन खाली ही बाई कोन बसवलीस? ही काखेत… पूस म्हनतो ना! लोक जमून राहिलेत. ए, काय बगताव, जावा आपापल्या कामाला!

हॅलो — ठेकेदार सायेब? ती पोरगी बदला. आत्ताच. कारन? काम येत न्हाई तिला. हाव. हाव, उद्या दुसरा पेंटर धाडा, जेवायला माझ्याकडंच. आन त्याचं आडनाव काय? …हां, चालतंय.

झालं. डबे आवर. उद्या भिंतीवर चुना, परवा आजा पानी वाटत उभा र्‍हाईल. आन तुझ्या जीवाला लागू नये म्हनून सांगतो — तुझ्या आज्जीला बी काढायला लावतो. समद्यात पुढं. घागर काठोकाठ भरलेली, आन वाकून आज्याच्या पाया पडताना. काखेतलं लेकरू हसतंय. — आता कामून रडतीस? बरं काढतो की तिला. जा.