वाकळीच्या पोटातली भाकर

हळ्ळीखेडच्या फाट्यावर बसची वाट बघत माझ्या मागं दोघी जणी बोलत होत्या.

“पंचशीलाअक्का, शेतातल्या त्या म्हागड्या हाटेलात तुमची वाकळ काचेत लावलीय म्हनं?”

“लावली व्हती, शिवकन्या. खाली माझं नाव बी. पाहुने फोटू काढायचे. पन काचेत मुंग्या झाल्या.”

“मुंग्या? कामून?”

“शेवटचा टाका घालायच्या आदी म्या भाकरीचा तुकडा आत ठेवला व्हता.”

“ठेवावंच लागतंय की! उपाशी वाकळ ऊब देत न्हाई.”

“त्येच मालकिनीला सांगितलं. लई भ्याले व्हते, आता हाकलती म्हनून.”

“मंग?”

“तिनंच वाकळ काढली, झटकली, उन्हात घातली अन् सोताच्या आईच्या अंगावर घातली. म्हातारीला लई दिसानं झोप लागली.”

“भली मानसं हायत गं अक्का.”

“व्हय बाई, भलं व्हवं त्यांचं.”

“आज बी तिकडंच जायलाव?”

“दुसरी शिवायला बोलावलंय.”

“काचेत लावायला?”

“न्हाई, पांघरायला. अन् आतली भाकर म्हातारी सोताच्या हातानं थापनार हाय.”